मिसरच्या वाटेवरचा तळ

बंधुभगिनींनो, आज यिर्मयाच्या पुस्तकातला ४२वा अध्याय तुमच्यापुढे ठेवतो आहे. याच पुस्तकाच्या २९व्या अध्यायातले, देवाच्या मनात आपल्याविषयी हिताचे संकल्प आहेत असे सांगणारे वचन आपल्या सगळ्यांना पाठ आहे. ४२वा अध्याय कोणी पाठ करत नाही. मीही कित्येक वर्षे तो घाईने वाचून पुढे जात होतो. मग एकदा तो माझ्याविषयीच लिहिला आहे असे मला वाटले, आणि तेव्हापासून त्याने माझी पाठ सोडलेली नाही.

प्रसंग असा आहे. यरुशलेम पडले आहे, मंदिर जळाले आहे. राजाचे डोळे काढून त्याला साखळदंडांनी बांधून बाबेलला नेले आहे. मागे उरलेल्या गोरगरिबांवर बाबेलच्या राजाने गदल्या नावाचा अधिकारी नेमला, तर त्याचाही आपल्याच लोकांपैकी एकाने, इश्माएलाने, खून केला. आता बाबेलचा राजा सूड घेणार, या भीतीने उरलेल्यांची गाळण उडाली आहे. सेनापती योहानान त्यांचा पुढारी आहे. ही सगळी मंडळी, लहानापासून थोरापर्यंत, यिर्मया संदेष्ट्याकडे येते आणि विनवते, "आम्ही कोणत्या मार्गाने जावे आणि काय करावे, हे तुझ्या देवाने आम्हाला कळवावे, अशी आमच्यासाठी प्रार्थना कर."

यापेक्षा सुंदर विनंती कोणती असेल? ते एवढ्यावर थांबत नाहीत. देवाला साक्षी ठेवून शपथ घेतात: उत्तर आम्हाला बरे वाटो की वाईट, देव सांगेल तसेच आम्ही करू. कोणत्याही पाळकाला असे लोक मिळाले तर तो धन्य होईल.

यिर्मया प्रार्थनेला बसतो. दहा दिवस जातात. बाहेर लोक भीतीने अर्धमेले झालेले, प्रत्येक दिवस डोंगराएवढा, आणि संदेष्टा काही बोलत नाही, कारण देव अजून बोललेला नाही. यिर्मयाने पहिल्याच दिवशी स्वतःच्या अनुभवावरून काहीतरी सांगून त्यांची समजूत घातली असती, तर कोणाला कळले असते? तो मात्र थांबला. दहाव्या दिवसानंतर शब्द आला: याच देशात राहा. बाबेलच्या राजाला भिऊ नका, मी तुमच्याबरोबर आहे. मिसर देशात, म्हणजे इजिप्तला, जाऊ नका.

आणि योहानान व त्याचे लोक काय म्हणाले? "तू खोटे बोलतोस. देवाने तुला पाठवलेलेच नाही." तुझा लेखनिक बारूख तुला आमच्याविरुद्ध चिथावतो आहे, असेही म्हणाले. मग बायकामुलांसह सगळे उठले आणि मिसरला गेले. यिर्मयालाही सोबत घेऊन गेले.

दहा दिवसांपूर्वी शपथ घेणारी हीच माणसे एवढी कशी बदलली? मला वाटते, ती बदललीच नव्हती. एक अध्याय मागे जा. ४१व्या अध्यायाच्या शेवटी एक साधे वाक्य आहे, सहज नजरेतून निसटणारे. हे लोक बेथलेहेमाजवळ येऊन उतरले होते, कशासाठी? मिसरला जाण्यासाठी. यिर्मयाकडे येण्याच्या आधीच तळ पडला होता, आणि तो मिसरच्या वाटेवर पडला होता. सामान बांधलेले होते, तोंड दक्षिणेला होते. त्यांना देवाची इच्छा हवी नव्हती. ठरलेल्या प्रवासाच्या कागदावर देवाचा शिक्का हवा होता.

त्यांची प्रार्थना ढोंगी होती असे मात्र मला म्हणवत नाही. इथेच या अध्यायाची धार आहे. शपथ घेताना ते मनापासूनच बोलत असावेत. आपला तळ कुठे पडला आहे, हे त्यांच्या ध्यानातच आले नसावे. माणूस गुडघे टेकून, डोळे मिटून, अश्रू ढाळत देवाची इच्छा विचारू शकतो, आणि त्या सगळ्या वेळात त्याची गाठोडी दुसऱ्याच वाटेवर बांधून ठेवलेली असू शकतात.

मी हे अधिकाराने सांगतो, कारण माझी गाठोडी मी पाहिली आहेत. तिशीत असताना नोकरी सोडून पूर्णवेळ सेवेत उतरावे का, हा प्रश्न मी दोन वर्षे उराशी घेऊन होतो. उपास केले. वहीत दोन रकाने आखून जावे आणि न जावे याची कारणे लिहिली. भेटेल त्या विश्वासू माणसाला प्रार्थना करायला सांगितले. आकाश मुके होते. त्याच दोन वर्षांत माझे थोरल्या भावाशी बोलणे बंद होते. वडिलांच्या मागे जागेची वाटणी झाली, तेव्हा मी त्याला असे काही बोललो होतो की ते इथे उच्चारणार नाही. मंडळीतल्या एका वृद्ध बाईंनी माझी सगळी कहाणी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, "बाळ, दादाला भेटून किती दिवस झाले?" मला राग आला. मी विचारतोय काय आणि या बोलतात काय, असे वाटले.

त्या रात्री मत्तयाचा ५वा अध्याय काढून वाचला. वेदीजवळ अर्पण आणलेस आणि तिथे आठवले की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. दोन वर्षे मी देवापुढे माझ्या आयुष्याचे अर्पण घेऊन उभा होतो, आणि "आधी" या एका शब्दाकडे माझे लक्ष नव्हते. देव गप्प नव्हताच. तो जे बोलत होता ते मला ऐकायचे नव्हते. मला ज्या विषयावर ऐकायचे होते, त्यावर तो बोलत नव्हता, एवढेच.

भावाकडे गेलो. क्षमा मागितली. त्याने ती लगेच दिली असे नाही, पण दार उघडले आणि आत घेतले. आणि नोकरीचे म्हणाल, तर पुढचे कित्येक महिने काहीच उत्तर आले नाही. शेवटी मी नोकरीतच राहिलो. सेवा तिथूनच केली. पण त्या प्रश्नाने छातीवर जो धोंडा ठेवला होता, तो समेट झाला त्या दिवशीच उतरला.

पवित्र शास्त्रात "ही देवाची इच्छा आहे" असे उघड शब्दांत कुठे कुठे म्हटले आहे, ते एकदा शोधून पाहा. पौल थेस्सलनीकाकरांना लिहितो, तुमचे पवित्रीकरण व्हावे ही देवाची इच्छा आहे, आणि लगेच शरीराच्या शुद्धतेविषयी बोलतो. त्याच पत्राच्या शेवटी म्हणतो, सर्व स्थितीत उपकारस्तुती करा, देवाची इच्छा हीच आहे. पेत्र म्हणतो, चांगले करून निर्बुद्ध माणसांच्या अज्ञानाला गप्प करावे, ही देवाची इच्छा आहे. मीखा संदेष्टा तर आठवे शतक संपायच्या आत, ख्रिस्ताच्या सातशे वर्षे आधी, सांगून मोकळा झाला होता: मनुष्या, बरे काय ते त्याने तुला दाखवलेच आहे, न्यायाने वाग, दयेची आवड धर, आपल्या देवाबरोबर नम्रपणे चाल. यात कोणाच्या नोकरीचा पत्ता नाही, कोणाच्या भावी जोडीदाराचे नाव नाही. आपण ज्याला देवाची इच्छा म्हणतो ते बहुतेकदा आपले भविष्य असते. देव ज्याला आपली इच्छा म्हणतो ते बहुतेकदा आपले आजचे वागणे असते.

अनुवाद नावाच्या पुस्तकात मोशे म्हणतो की गुप्त गोष्टी परमेश्वराच्या आहेत, पण प्रकट केलेल्या गोष्टी आपल्या आणि आपल्या लेकरांच्या आहेत, त्या पाळण्यासाठी. आपण उलटे करतो. जे त्याचे आहे त्याच्या दाराशी ताटकळत बसतो, आणि जे आपल्या हाती दिले आहे ते खाली ठेवून देतो.

आता तुम्ही विचाराल, मग लग्न, नोकरी, शिक्षण, आजारपणातले निर्णय, हे देवाला विचारायचेच नाहीत का? विचारायचे. याकोब तर बजावतो की उद्या अमुक शहरी जाऊन व्यापार करू असे म्हणण्याऐवजी "प्रभूची इच्छा असेल तर" असे म्हणा. पण कसे विचारायचे, आणि उत्तर कसे ओळखायचे, यावर जरा थांबू.

योहानाच्या शुभवर्तमानात ७व्या अध्यायात प्रभू येशू एक विलक्षण गोष्ट बोलतो. जो कोणी देवाच्या इच्छेप्रमाणे करायला तयार आहे, त्याला ही शिकवण देवाची आहे की नाही ते कळेल. क्रम पाहा. आपल्याला वाटते, आधी कळावे, मग करायचे की नाही ते मी ठरवीन. प्रभू म्हणतो, आधी करण्याची तयारी, मग कळणे. देव आपली इच्छा आपल्यापुढे प्रस्ताव म्हणून मांडत नाही. आपला होकार कोरा असावा लागतो, खाली सही केलेला, वरचा मजकूर नंतर भरला जाणारा.

रोमकरांस पत्राच्या १२व्या अध्यायातही हाच क्रम आहे. पहिल्या वचनात पौल म्हणतो, आपली शरीरे जिवंत, पवित्र यज्ञ म्हणून अर्पण करा. देवाची उत्तम, ग्रहणीय व परिपूर्ण इच्छा समजून घेण्याची गोष्ट येते ती दुसऱ्या वचनात. त्याच्या अलीकडे मनाचे नवीकरण आहे. तिथे मूळ ग्रीक भाषेत जो शब्द आहे तो पारख करण्याचा आहे, धातू तावून सुलाखून पाहतात तसा. सोनार पिवळा दिसणारा प्रत्येक तुकडा ग्रंथ उघडून तपासत नाही. आयुष्यभर सोने हाताळून त्याच्या बोटांना आणि डोळ्यांना ते कळते, आणि तरीही शंका आली की तो कसोटीच्या दगडावर घासून पाहतो. इब्री लोकांस पत्रात प्रौढ विश्वासणाऱ्यांचे वर्णन असेच आहे: सरावाने त्यांच्या इंद्रियांना चांगले आणि वाईट ओळखण्याची सवय झालेली असते. म्हणून संकटाच्या रात्री धावत येऊन "देवाची इच्छा कशी ओळखू" असे कोणी विचारले, की माझा जीव तुटतो. त्याचे उत्तर खरे तर मागच्या दहा वर्षांच्या सकाळी तयार व्हायला हवे होते. तरी देव दयाळू आहे, त्या रात्रीही तो ऐकतो.

प्रेषितांच्या कृत्यांच्या १६व्या अध्यायात पौलाची दुसरी फेरी आहे. माणसाला देव कसा चालवतो, हे शिकायला यापेक्षा चांगला धडा मला ठाऊक नाही. पौल, सीला आणि तीमथ्य निघाले आहेत. आसिया प्रांतात वचन सांगायला पवित्र आत्म्याने मनाई केली. का? हे पुस्तक लिहिणारा लूक सांगत नाही. बरे, मग उत्तरेला बिथुनियाकडे वळावे म्हटले, तर येशूच्या आत्म्याने तिकडेही जाऊ दिले नाही. चांगल्या कामाची दोन दारे, आणि दोन्ही बंद. चालत चालत ते समुद्रकाठी त्रोवसास येतात. पुढे पाणी. तिथे रात्री पौलाला दृष्टांत होतो, मासेदोनियाचा एक माणूस विनवतो आहे, "इकडे येऊन आम्हाला साहाय्य कर."

यापुढचे वाक्य मला दृष्टांताइतकेच महत्त्वाचे वाटते. लूक लिहितो की देवाने आम्हाला तिकडे बोलावले आहे असे "आम्ही" अनुमान केले. दृष्टांत एकट्या पौलाला झाला, अनुमान सगळ्यांनी मिळून केले. तिथे वापरलेल्या ग्रीक शब्दात तुकडे एकत्र जोडण्याचा अर्थ आहे. आसियाचे बंद दार, बिथुनियाचे बंद दार, रात्रीचा दृष्टांत, सोबत्यांचे मत, हे सगळे पुढ्यात घेऊन त्यांनी जुळवले. पौलासारख्या प्रेषितानेसुद्धा "मला दृष्टांत झाला, आता कोणी बोलायचे नाही" असे म्हटले नाही. याच पुस्तकाच्या १५व्या अध्यायात यरुशलेमची मंडळी वाद घालून, ऐकून, विचार करून जे पत्र लिहिते, त्यात शब्द आहेत: पवित्र आत्म्याला आणि आम्हाला योग्य वाटले. आत्म्याला, आणि आम्हाला.

पुढे काय झाले? समुद्र ओलांडून फिलिप्पैला पोचले, तर दृष्टांतातला तो मासेदोनियाचा पुरुष कुठेच दिसत नाही. नदीकाठी काही स्त्रिया प्रार्थनेला जमल्या होत्या. त्यांतल्या जांभळी वस्त्रे विकणाऱ्या लुदियेचे अंतःकरण प्रभूने उघडले. थोड्याच दिवसांत पौल आणि सीला यांना चौकात छड्या मारल्या आणि आतल्या तुरुंगात टाकून त्यांचे पाय खोड्यात अडकवले. देवाच्या इच्छेत असल्याचा पुरावा म्हणून आपण सुरळीतपणा मागतो. "प्रभूने वाट मोकळी केली, सगळे जुळून आले, म्हणजे ही त्याचीच इच्छा," असे साक्ष देताना आपण किती सहज म्हणतो! मग पाठीवर छड्यांचे वळ घेऊन मध्यरात्री स्तोत्रे गाणाऱ्या त्या दोघांना काय म्हणायचे? आणि योनाचे काय? निनवेला जा म्हटल्यावर तो उलट दिशेला पळाला, याफोला आला, तर तार्शीशला जाणारे जहाज नेमके बंदरात उभे! भाड्याचे पैसेही जवळ होते. सगळे अगदी जुळून आले होते.

चिन्हे मागण्याविषयी फार बोलत नाही. दव फक्त लोकरीवर पडावे, जमीन कोरडी राहावी, असे चिन्ह मागणाऱ्या गिदोनाची ती लोकर सगळ्यांना आठवते. पण "तू सांगितल्याप्रमाणे माझ्या हातून इस्राएलाचा उद्धार करणार असशील तर" असे तो स्वतःच म्हणतो, म्हणजे देवाची इच्छा त्याला आधीच सांगितली होती. लोकर त्याच्या अविश्वासासाठी होती. देवाने त्याचा अविश्वास दोन रात्री सोसला, ही देवाची कृपा. तिची पद्धत करू नये.

एका गोष्टीवर मात्र मला स्पष्ट बोलायचे आहे, कारण तिने घायाळ झालेली माणसे मी पाहिली आहेत. "देवाने मला सांगितले आहे." हे शब्द दुसऱ्याच्या आयुष्याविषयी बोलताना किती सैलपणे वापरले जातात! तू याच्याशी लग्न करावेस असे देवाने मला दाखवले. तू औषध सोडावेस असा संदेश आहे. तू आमची मंडळी सोडलीस तर देवाच्या इच्छेबाहेर जाशील. ज्याच्यावर हे शब्द येऊन आदळतात तो बिचारा काय करील? देवाशी वाद कसा घालील?

राजांच्या पहिल्या पुस्तकाचा १३वा अध्याय वाचा. यहूदातून देवाचा एक माणूस बेथेलला येतो आणि राजा यराबामाच्या तोंडावर वेदीविरुद्ध संदेश सांगतो. देवाने त्याला बजावले आहे: तिथे अन्न खाऊ नकोस, पाणी पिऊ नकोस, आलास त्या वाटेने परतू नकोस. राजा जेवायला बोलावतो, पण तू मला आपले अर्धे घर दिलेस तरी येणार नाही, असे म्हणून तो बधत नाही. मग वाटेत एक म्हातारा संदेष्टा गाठतो आणि म्हणतो, मीही तुझ्यासारखाच संदेष्टा आहे, एका देवदूताने मला सांगितले की तुला घरी आणून जेवू घालावे. शास्त्र तिथेच म्हणते की तो खोटे बोलला. राजाच्या लालचीला न बळी पडलेला तो माणूस "देवदूताने सांगितले" या शब्दांना बळी पडला. परत जाताना सिंहाने त्याला मारले. नंतर त्याच म्हाताऱ्याने त्याचे प्रेत आणले, आपल्या कबरेत पुरले आणि "हाय, माझ्या बंधू" म्हणून रडला. मी हा अध्याय वाचतो तेव्हा मला त्या तरुणापेक्षा म्हाताऱ्याची अधिक भीती वाटते, कारण आता मी त्याच्या वयाला येऊन पोचलो आहे आणि माझ्या शब्दावर विश्वास ठेवणारी माणसे आहेत.

पौल म्हणतो, संदेशांचा धिक्कार करू नका, पण सर्व गोष्टींची पारख करा, चांगले ते धरा. दोन्ही एका दमात. जो आपल्या संदेशाची पारख होऊ देत नाही, त्याचा संदेश धरू नका. तरुण मुलामुलींना तर मी हात जोडून सांगतो: देव तुमच्याविषयी बोलणार असेल तर तो तुमच्याशीही बोलेल.

दुसऱ्या टोकाला घाबरलेली माणसे असतात. त्यांना वाटते, देवाने माझ्या आयुष्याची एकच बारीक रेघ आखली आहे, एक पाऊल चुकले की सगळे संपले. दोन चांगल्या मार्गांत कोणता निवडू, या भीतीने ती जागची हलत नाहीत. त्यांच्यासाठी करिंथकरांस पहिल्या पत्रातले एक छोटे वचन आहे. विधवेविषयी पौल लिहितो की तिने इच्छा असेल त्याच्याशी लग्न करावे, मात्र प्रभूमध्ये. इच्छा असेल त्याच्याशी! कुंपण दाखवले आहे, आणि कुंपणाच्या आतले अंगण तिला मोकळे दिले आहे. बाप मुलाला अंगणात सोडतो तेव्हा प्रत्येक पावलाला "आता उजवा पाय टाक" असे ओरडत नाही.

आणि सगळे करूनही मनात शंका उरते, तेव्हा? डीट्रिख बोनहोफर या जर्मन पाळकाची गोष्ट मला अशा वेळी आठवते. हिटलरच्या राजवटीत त्याच्या जिवाला धोका होता, म्हणून मित्रांनी १९३९च्या जूनमध्ये त्याला अमेरिकेला आणले. तिथे काम होते, सुरक्षितता होती, प्रेमाची माणसे होती. पण त्याला चैन पडेना. जर्मनीतल्या भावांना सोडून इथे राहणे त्याला सोसेना. त्याच महिन्यात रोजच्या मननात त्याच्यासमोर पौलाने तीमथ्याला लिहिलेले वचन आले, हिवाळ्यापूर्वी येण्याचा प्रयत्न कर. ते त्याच्या मनात घर करून राहिले. जुलैमध्ये तो परत निघाला. मला धीर देणारी गोष्ट वेगळीच आहे. आपल्या निर्णयांमागचे हेतू आपल्याला कधीच पुरते स्पष्ट होत नाहीत, असे त्याने त्या दिवसांत दैनंदिनीत लिहून ठेवले. म्हणजे त्याला आकाशवाणी झाली नव्हती. जेवढा उजेड होता तेवढ्यात तो चालला, आणि उरलेला अंधार देवावर सोपवला. ९ एप्रिल १९४५ रोजी त्याला फाशी दिली. युरोपातले युद्ध संपायला महिनाही उरला नव्हता.

या मृत्यूला देवाची इच्छा म्हणावे का? मला असे प्रश्न विचारले जातात, विशेषतः लहान लेकरू गेलेल्या घरात. तिथे मी "देवाची इच्छा" हे शब्द उच्चारत नाही. भावांनी विकून टाकलेला योसेफ त्यांना म्हणाला होता की तुम्ही माझे वाईट योजले, पण देवाने ते चांगल्यासाठी योजले. पण ते तो स्वतःच्या दुःखाविषयी, आणि कित्येक वर्षांनंतर म्हणाला. दुसऱ्याच्या दुःखाच्या पहिल्या दिवशी ते वाक्य कोणी त्याच्या वतीने म्हणू नये. आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी प्रभूला ठाऊक होते की तो त्याला पुन्हा उठवणार आहे, तरी तो आधी रडला.

आज्ञा पाळणे आनंदाचे असते, हे खरे आहे. पण ते नेहमी सोपे असते असे सांगणाऱ्याने वधस्तंभाच्या आदल्या रात्रीची, गेथशेमाने बागेतली प्रभूची प्रार्थना वाचलेली नाही. देवाची इच्छा काय आहे, याविषयी त्या रात्री प्रभूला संदेह नव्हता. त्याला ती कळत होती, आणि म्हणूनच त्याच्या घामाचे रक्ताच्या थेंबांसारखे थेंब जमिनीवर पडत होते. तो म्हणाला, "हे माझ्या बापा, होईल तर हा प्याला माझ्यावरून टळून जावो." ही प्रार्थना करण्याची मुभा त्याने स्वतःला दिली, म्हणजे ती आपल्यालाही आहे. आपल्या इच्छेचे नाव देवापुढे घेणे हे पाप नाही. ती दडपून, ओठांवर हसू आणून "तुझी इच्छा होवो" म्हणणारा माणूस पुष्कळदा खोटे बोलत असतो. प्रभूने आपली इच्छा आधी बोलून दाखवली, मग ती खाली ठेवली. आणि एकदा ठेवून भागले नाही. मत्तय सांगतो की तिसऱ्यांदा जाऊन त्याने तेच शब्द बोलून प्रार्थना केली. देवाच्या पुत्रालाही तीनदा जावे लागले. मग आपण एका सभेत हात वर करून समर्पण केले आणि महिन्याभराने तीच लढाई पुन्हा समोर आली, तर एवढे निराश का व्हायचे? इब्री लोकांस पत्र तर म्हणते की तो पुत्र असूनही जे त्याने सोसले त्यावरून आज्ञाधारकपणा शिकला. शिकला! तो शब्द लिहिणाऱ्याने किती भीत भीत लिहिला असेल.

शेवटी शमुवेलाकडे येतो. त्याची हाक सगळ्यांना ठाऊक आहे. लहान मुलगा, मंदिरातला दिवा अजून विझलेला नाही, आणि रात्री नावाने हाक येते. तीनदा तो धावत एली याजकाकडे जातो. म्हाताऱ्या एलीची दृष्टी मंद झाली होती, त्याच्या घराण्याची अब्रू गेली होती, तरी हाक कोणाची आहे हे त्याच्याच ध्यानात आले. "बोल, तुझा दास ऐकत आहे," असे म्हणायला त्यानेच शिकवले. इथपर्यंतची गोष्ट आपण मुलांना सांगतो आणि पुस्तक मिटतो. देव त्या रात्री काय बोलला ते सांगत नाही. तो एलीच्या घराण्याच्या नाशाविषयी बोलला. ज्या माणसाने त्या मुलाला वाढवले, ज्याने देवाचा आवाज ओळखायला शिकवले, त्याच्याविरुद्ध पहिला संदेश.

शास्त्र म्हणते, शमुवेल पहाटेपर्यंत पडून राहिला. त्याला झोप लागली असेल असे मला वाटत नाही. मग उठून त्याने परमेश्वराच्या मंदिराची दारे उघडली. रोज उघडत असे तशीच, बहुधा. काय बोलायचे, कसे बोलायचे, काही ठरलेले नव्हते, आणि एलीला सांगायची भीती वाटत होती. तरी दारे उघडायचे काम त्याचे होते, ते त्याने केले. तेवढ्यात आतून एलीने हाक मारली, "शमुवेला, माझ्या मुला." आणि रात्री तीनदा म्हणाला होता तेच तो पुन्हा म्हणाला, "हा मी." मग त्याने एलीला सगळे सांगितले, काहीही लपवले नाही.